उंदरानं खाल्लेले चार आकडे

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झाले आणि त्यांनी लिलावातून एक फौजी जीप उचलली. फौजेनं वापरून वापरून टाकून दिलेली ती वस्तू ट्रकवर घालून आली आणि सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरसमोर उतरली. "हे काय आनलं?" आईनं दारातूनच विचारलं. "गाडी," बाबा म्हणाले. आईला गाडीसारखं त्यात काही दिसेना. पेरूच्या झाडाखाली ती उभी राहिली, आणि आठवडाभरात तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यायली.

पुढे क्वार्टर सोडायची वेळ आली. कोहक्यात आमचं घर बांधून तयार होतं. सामान बांधायला मी सुट्टी काढून आले, तोवर आईचं फर्मान निघालेलं होतं. "घर सोडाच्या दिवशी हे गाडी आपल्या इंजिनवर कोहक्याले आली त आली. नाई त कबाडीवाला घेऊन जाईन. म्या सांगून ठेवलं त्याले." बाबांच्या मनात मात्र वेगळंच होतं. आमच्याकडे नव्या घरात आधी बुद्धाची मूर्ती जाते, मग माणसं, मग गॅसचं सिलिंडर. ती मूर्ती या जीपमधूनच न्यायची आणि जीप आपण चालवायची, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

मेकॅनिकनं बाकी सगळं जुळवत आणलं होतं. अडलं होतं फक्त पेट्रोलच्या पंपावर. बाजारातला कुठलाही पंप बसवून देतो, असं तो बिचारा म्हणाला. बाबांना ते लागलं. "फौजी गाडीले फौजीच पंप लागन," असं म्हणून त्यांनी जुना फौजी माल विकणाऱ्याचं दुकान शोधून काढलं, आणि मेणकापडात घट्ट गुंडाळलेलं, शिवून सील केलेलं एक पुडकं घेऊन आले.

"हाच पंप," ते म्हणाले.

"कशावरून?"

"नंबर पाय ना."

पुडक्याला एक चिठ्ठी शिवलेली होती आणि तिच्यावर लांबलचक आकडा होता. बाबांच्या स्टोअरमध्ये नंबर शेवटून वाचायची रीत होती. शेवटचे तीन आकडे पाहिले की वस्तू कळायची, आणि या चिठ्ठीवरचे शेवटचे तीन आकडे कारखान्यातल्या पंपाचे होते. फौजेचा आणि कारखान्याचा काडीचा संबंध नाही, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नाही. जन्मभर ज्यानं एकाच पद्धतीनं नंबर वाचले त्याला वाटतं, सगळी दुनिया त्याच रजिस्टरात चढवलेली आहे.

पद्मनाभपूरहून बाबांचे मित्र आले. फौजेत ड्रायव्हर होते, म्हणून आम्ही त्यांना फौजी काका म्हणत असू. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे भाई, पीछे से नहीं, आगे से पढ़ते हैं. पहले चार नंबर बताते हैं चीज़ क्या है. उनतीस-दस, तो तेल-पंप का सामान. पच्चीस-तीस, तो ब्रेक-स्टिअरिंग. पच्चीस-चालीस, तो फर्निचर."

"जीपमंदी फर्निचर?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"सीट, वाइपर, शीशा... फौज में सब फर्निचर है, भाभीजी."

"मंग याच्यावर काय लिवलं हाय?"

तिथेच घोडं पेंड खात होतं. चिठ्ठीचा पुढचा कोपरा दुकानातल्या उंदरानं कुरतडला होता. पहिल्या चारांनंतरचे दोन आकडे देशाचे, म्हणजे माल हिंदुस्थानातला हे शाबूत होतं. त्यापुढचे सात त्या वस्तूचे खास स्वतःचे, तेही शाबूत. गेले होते ते नेमके पहिले चार. थोडक्यात, आमच्याकडे आधार नंबर होता, पण तो माणसाचा आहे की म्हशीचा हे सांगणारा भाग उंदराच्या पोटात होता. मी मोबाइलवर उरलेले आकडे टाकून पाहिले. 'हा भाग आमच्याकडे उपलब्ध आहे, चौकशी करा' असं एका वेबसाइटनं लगेच कळवलं. काय उपलब्ध आहे, ते काही तिनं सांगितलं नाही.

"अहो, मग उघडून बघा ना!" मी ओरडले.

विहारात मी चपला घालून शिरले असावे, अशा नजरेनं दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"सील तोडलं का माल इश्यू झाला," बाबा म्हणाले. "इश्यू झाला का वापस होत नाई."

"बिलकुल," फौजी काका म्हणाले. सकाळपासून दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

मग तपासणी सुरू झाली. आईच्या काट्यावर पुडकं तोललं गेलं. बाबांनी ते कानाशी धरून हलवलं, नारळ घेताना हलवतात तसं. काकांनी चमच्यानं ठोकून आत पोकळ असल्याचं जाहीर केलं, बाबांनी भरीव असल्याचं. दोघांनी आळीपाळीनं वास घेतला. एकाला ग्रीसचा आला, दुसऱ्याला चहाचा, कारण आई तेव्हा चहा घेऊन आली होती. "लाटणं असन," ती पुडक्याकडे न बघता म्हणाली. असे दिवस चालले होते आणि मी भांडी कागदात गुंडाळत चडफडत होते. घरात उघडायच्या वस्तू बंद होत होत्या आणि बंद वस्तू कोणी उघडेना.

सामान हलवायचा दिवस उजाडला. टेम्पो दाराशी लागला आणि त्याच्यामागे कबाडीवाल्याची हातगाडी. बाबा रिकाम्या खोलीत फरशीवर पुडकं मांडीवर घेऊन बसले होते. माझं डोकं फिरलं. मी भाजीची सुरी घेऊन गेले.

"थांब," बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मी थांबलेच. "साऱ्या प्लांटचे लोक मले इचारत येत होते, हा पार्ट कायचा हाय म्हनून. आता कोनी इचारत नाई. हे उघडलं आन पंप नसला, त मंग मले येत काय होतं?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. मला रडूच आलं. एवढ्या दिवसांत मी त्यांना हजारदा 'उघडा' म्हटलं होतं, 'का उघडत नाही' असं एकदाही विचारलं नव्हतं.

आई मागे उभी होती. तिनं माझ्या हातातली सुरी घेतली, बाबांच्या मांडीवरचं पुडकं उचललं आणि कोंबडी सोलावी तसं मेणकापड सोललं.

आतून निघालेली वस्तू कोरी करकरीत होती, ग्रीसनं माखलेली. एका बाजूला दांडा, दुसऱ्या बाजूला भोकं आणि मधे एक स्प्रिंग. तो पंप नव्हता. ब्रेकचं काही नव्हतं, फर्निचरही नव्हतं. सामान हलवायला आलेल्या फौजी काकांनी ती उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "फौज में ऐसी चीज़ तो मैंने देखी नहीं." मेकॅनिकला फोटो पाठवला तर त्याचा उलट प्रश्न आला, कुठून काढलंत?

आईनं बाबांना विचारलं, "तुमाले बी माईत नाई?"

बाबांनी ती स्प्रिंग अंगठ्यानं दाबून पाहिली. "नाई," ते म्हणाले. असल्या प्रश्नाला हे उत्तर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आणि मग ते हसायला लागले, इतके की काकांना त्यांची पाठ थोपटावी लागली.

आई बाहेर गेली. कबाडीवाल्याला म्हणाली, "जाओ भैया, आज कुछ नहीं है." मग टेम्पोवाल्याला म्हणाली, "रस्सी हाय का?"

जीपचे ब्रेक आणि स्टिअरिंग तेवढे ठीक होते. टेम्पोच्या मागे दोर बांधून ती निघाली. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी मांडीवर मूर्ती घेऊन आई, आणि मी टेम्पोत मागे, गाद्यांच्या ढिगावर, त्यांच्याकडे तोंड करून. बाबा वळणावर हात बाहेर काढून इशारा देत होते. कोहक्याच्या अलीकडे गर्दीत आम्ही थांबलो, तेव्हा एका स्कूटरवाल्यानं वाकून जीप न्याहाळली.

"क्या बात है अंकल, मिलिट्री वाली! खींच के ले जा रहे हो?"

बाबांचा चेहरा उतरलेला मला दिसला. ते काही बोलायच्या आत आई पुढे वाकली.

"टेम्पो बिगड़ गया है," ती म्हणाली. "हम पीछे से धक्का दे रहे हैं."