वाकून नमस्कार

आमच्या मैदानावर सकाळी आलेला प्रत्येक खेळाडू आधी कोचच्या पाया पडतो आणि मग बूट बांधतो. मला ही रीत कधी फारशी रुचली नाही. एकेकाळी राज्याच्या संघाकडून नवा चेंडू टाकणारा माणूस पन्नाशीत मूर्तीसारखा उभा राहून आशीर्वाद वाटतो, हे दृश्य मलाच हास्यास्पद वाटतं. पण उज्जैनमध्ये यातून सुटका नाही. इथे लोक फ्रीगंजच्या भर चौकात बँकेच्या मॅनेजरच्याही पाया पडतात.

याच रीतीने एका सकाळी माझी झोप उडवली ती कायमची.

हल्ली माझं काम म्हणजे आसपासच्या गावांतल्या मैदानांवर हिंडायचं, वेगवान गोलंदाज हुडकायचे आणि त्यांना घडवायचं. त्या मुलीला मीच एका शाळेच्या स्पर्धेत हेरलं होतं. वडील राम घाटावर पूजा सांगणारे, घरात क्रिकेटचा गंध नाही, आणि ही धावत आली की समोरची फलंदाज आपसूक मागे सरकायची. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला म्हणालो, आता मी मरायला मोकळा. ती म्हणाली, आधी भाजी आणा.

इंदूरला मोठ्या संघाची निवड चाचणी होती, त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. ती नेहमीसारखी आली, पाया पडली, पण नेहमीसारखी नाही. एरवी ती कमरेतून वाकायची, गुडघे ताठ, दोन्ही तळवे माझ्या बुटांवर. त्या दिवशी पाठ सरळ राहिली. गुडघे मोडून ती उकिडवी बसल्यासारखी झाली, बोटं टेकवून उठली आणि हसली. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या आलं, कारण ऐन उमेदीत मीही माझ्या गुरूंच्या पाया असाच पडत होतो. मणक्याला बारीक चीर गेली होती आणि संघातली जागा जाईल म्हणून मी तोंड शिवून बसलो होतो. गुरूंनी डोक्यावर हात ठेवला. पुढच्याच सामन्यात मला मैदानाबाहेर उचलून न्यावं लागलं आणि माझी गोलंदाजी तिथेच संपली. थंडीच्या दिवसांत मोजे अजूनही बायको चढवून देते.

मी विचारलं, कमर दुखती है क्या? ती म्हणाली, नाही सर, बिलकुल नाही. किती झटकन म्हणाली! मीही तसाच झटकन म्हणायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघे मोडले, तिसऱ्या दिवशीही. ती नेट्समध्ये धावत यायला लागली की मी नेटच्या बाजूला जाऊन उभा राहायचो. चेंडूकडे माझं लक्षच नसायचं, पुढचा पाय आपटताना तिचा चेहरा बदलतो का एवढंच मी बघायचो. शेवटी मी चाचणीतून तिचं नाव मागे घेतलं आणि सांगायला घाटावर गेलो.

वडिलांचा यजमान नुकताच उठला होता. तीही तिथेच होती, मान खाली घालून. मी पाया पडण्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी तिला त्याच दिवशी फ्रीगंजमध्ये एक्सरेला नेलं. एक्सरे स्वच्छ निघाला. मी पुन्हा घाटावर जाऊन सांगत राहिलो की सुरुवातीची चीर साध्या फोटोत दिसत नाही, मोठी तपासणी करा, काही महिने थांबा. ते पंचांग मिटून शांतपणे म्हणाले, "सर, आपकी टूट गई थी, तो क्या सबकी टूटेगी?"

त्यापेक्षा मला शिव्या चालल्या असत्या.

ती दुसऱ्या कोचकडे गेली, त्याने तिला चाचणीला पाठवलं आणि तिची निवड झाली. बायको म्हणाली, "अहो, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सोडा आता तिचा पिच्छा." मी सोडला, भीतीने मला सोडलं नाही. तिचा सामना असला की माझा जीव टांगणीला. फोन वाजला की वाटायचं, आली बातमी. ती बळी घेत होती, पेपरात फोटो येत होते, आणि मी फोटोत तिची कंबर बघत होतो. खरं सांगतो, मी चूक ठरावं म्हणून महाकालाला हात जोडले. स्वतःच्या हरण्यासाठी इतकं कधी मागितलं नव्हतं.

परवा फ्रीगंजमध्ये ती अचानक समोर आली, हातात मिठाईचा डबा, मागे स्कूटरवर वडील. तिने डबा त्यांच्याकडे दिला, माझ्याकडे सरळ बघितलं आणि पाया पडायला पुढे झाली. इतके महिने मला हेच तर बघायचं होतं. ती वाकणार, तोच मी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले.

"रहने दे बेटा," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "सर, देख तो लेते."

वडिलांनी हॉर्न वाजवला. ती स्कूटरवर बसून गेली, आणि ती कशी वाकली असती हे मला आजही माहीत नाही.