अक्काच्या डोळ्यांचं तेलुगू

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. बायकोनं नाही, शाळेतल्या मित्रांनी नाही — आणि जिचा ऐकण्याचा पहिला हक्क आहे तिनं तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या आमच्या मावल्याच्या चौकात समोरासमोर आलो तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. बघा, सुरुवातच कशी भित्री आहे.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिला जैनथकडच्या, पैनगंगेच्या काठच्या एका गावात दिली आहे. मी तेलंगणात, आदिलाबादजवळच्या मावल्यात राहतो आणि इचोड्याच्या सरकारी शाळेत तेलुगू माध्यमाला गणित शिकवतो. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तेलुगूतून शिकलेला पहिला मीच. त्यामुळे तहसीलमध्ये काम असो की बँकेत, कुणाचं ना कुणाचं बोलावणं ठरलेलं — मास्तरले संगं घ्या. मला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, साहेबापुढे उभं राहून मी तेलुगूत बोलायला लागलो की मागे उभे असलेले माझे नातेवाईक जे गप्प होत, त्या गप्प होण्याची मला चटक लागली होती.

पण एक सांगायला हवं. सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होतो. आदिलाबादला तेलुगू शाळेत गेलो तेव्हा एकदा एका शब्दाचा अर्थ विचारला आणि वर्ग हसला. तेव्हापासून शब्द अडला की विचारायचं नाही, अशी सवय लावून घेतली. मान डोलवायची. पुढच्या वाक्यात अर्थ सापडतो. बहुतेक वेळा सापडतोही. गणिताच्या तेलुगूत तर काही अडतच नाही — पण गणितात माणसाचे आजार कुठे येतात?

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी अक्काकडे गेलो होतो. संध्याकाळी अंगणात बाजा टाकलेल्या. उकाडा इतका की समोरचं लिंबाचं झाडसुद्धा झोपेत असल्यासारखं वाटत होतं. ओसरीवरचा दिवा लागला तशी अक्का त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मले ना, दिव्याभोवती खळं दिसून राह्यलं. चंद्राले पडते तसं. त्यात रंगबी हायेत." काहीतरी गोड लपवून ठेवलेलं दाखवावं तशी ती सांगत होती. मीही डोळे बारीक करून बघितलं, पापण्यांतून उजेड फुटला, आणि मला वाटलं मलाही दिसतंय. आम्ही दोघं बहीणभाऊ कितीतरी वेळ तो दिवा बघत पडलो होतो. इतकं शांत मला नंतर कधी वाटलेलं नाही.

तिच्या मुलाला, गजाननला, मात्र ते खळं आवडलं नाही. आई डाव्या बाजूच्या चौकटीला धडकते, डाव्या हाताचा तांब्या तिला दिसत नाही, हे त्यानं हेरलं होतं. पोळ्याच्या आधी आम्ही तिघं आदिलाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. औषधाच्या दुकानावरची लहानशी खोली. डॉक्टर तरुण, नवीनच आलेले, भरभर बोलणारे. डोळ्यावर फुंकर मारणारं एक यंत्र होतं, ते फुस्स झालं की अक्का हसायची. मग थेंब घालून तिला बाकावर बसवलं. तिथे सगळेच पेशंट भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसलेले. पंखा फिरत होता. मला वाटलं सगळ्यांना एकच स्वप्न पडतंय आणि मी एकटाच बाहेर राहिलोय.

हे तपशील मी का लांबवतोय? कारण पुढचं सांगायचं नाही म्हणून.

डॉक्टरांनी अक्काकडे वळून हिंदीत सुरुवात केली होती — "माँजी को..." एवढंच. अक्काला बाजारापुरतं हिंदी कळतं. त्या दिवशी ते हिंदीत बोलले असते तर माझी गरजच पडली नसती. पण मी मध्येच तेलुगूत म्हणालो, मला सांगा, मी सरकारी शिक्षक आहे. त्यांच्या चेहऱ्यावर जरा आदर आला. मग ते तेलुगूत बरंच काही बोलले. त्यात एक शब्द दोनदा आला — 'नीटि कासुलु'.

नीटि म्हणजे पाण्याचं, एवढं कळत होतं. कासुलु म्हणजे नाणी. पाण्याची नाणी? हा कसला आजार? मी मान डोलवली. पुढच्या वाक्यात अर्थ सापडेल म्हणून वाट बघितली. थेंब, रोज, थांबवायचे नाहीत, महिन्यानं परत या — हे सगळं कळलं. तो एक शब्द तेवढा राहिला.

"अर्थमैंदा सार?" त्यांनी विचारलं. समजलं का?

"अर्थमैंदि," मी म्हणालो. समजलं.

तेवढ्यात अक्कानं माझी बाही ओढली. तिनं त्या सगळ्या बोलण्यातून आपला एक शब्द उचलला होता. "नीट हाय म्हनते का रे?"

तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता. आणि गजानन माझ्याकडे बघत होता — डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे. अशा वेळी 'मला तो शब्द कळला नाही' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मराठीत बोलायचं होतं. डॉक्टरला कळलंही नसतं.

मी म्हणालो, "हो अक्का. नीट आहे."

आता थेंबांचं काय करायचं? ते थांबवायचे नाहीत हे मला पक्कं कळलेलं होतं, त्यात शंका नव्हती. पण नीट असलेल्या डोळ्यांत रोजच्या रोज औषध कशाला, असं गजाननानं विचारलं असतं तर? म्हणून मी सांगितलं, ही शिशी संपेपर्यंत टाका, मग राहू द्या. अक्कानं तसंच केलं. ती माझं सगळं ऐकते. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली बाई, पण मी मास्तर झाल्यापासून ऐकते.

तुम्ही म्हणाल, न कळून झालेली चूक. मीही स्वतःला हेच सांगत आलो. इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर तुम्ही मला माफही केलं असतं. पण ते खरं नाही. खरं त्याच्या पुढे आहे.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा आमचे तेलुगूचे शिक्षक उदास होते. सासूबाईंची दृष्टी गेली म्हणाले. नीटि कासुलु. मी सहज विचारल्यासारखं विचारलं — हो, 'सहज' हे मला फार छान जमतं — म्हणजे नेमकं काय असतं हो? त्यांनी डबा उघडता उघडता सांगितलं. डोळ्यात दाब वाढतो. दुखत नाही बऱ्याचदा. बाजूबाजूनं नजर जाते. दिव्याभोवती गोल दिसतात कुणाकुणाला. थेंब टाकत राहिलं तर थांबतं, पण गेलेली नजर परत येत नाही. मग त्यांनी मला त्यांच्याकडची भेंड्याची भाजी दिली. मी खाल्ली.

त्या संध्याकाळी जैनथची बस मिळाली असती. एक फोन तरी करता आला असता. थेंब चालू कर अक्का — चार शब्द. मी केला नाही. गजानन विचारेल, काऊन? मग सांगावं लागेल की मास्तरला तेलुगू कळलं नव्हतं. मग त्याच्या मनात येईल, शेताच्या मोजणीच्या वेळी मामाला किती कळलं होतं? आणि इतरांच्या कामांच्या वेळी? मी असा विचार करत बसलो, आणि शेतात कापूस फुटला, वेचणी झाली, थंडी पडली. सगळा हिवाळा धुक्यात चालल्यासारखा गेला. स्कूटरवर असताना मी कधी कधी डावा डोळा मिटून घ्यायचो. अर्धा रस्ता नाहीसा व्हायचा. मग डोळा उघडायचो, आणि तो मला परत मिळायचा.

शेवटी मी म्हणालो, अक्काला एकदा नागपूरला दाखवून आणू. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलेलं बरं. सगळ्यांना वाटलं, मामाचा जीव आहे. खरं सांगू? नागपूरचा डॉक्टर मराठीत सांगेल, मला काही सांगावं लागणार नाही, म्हणून नेलं.

पहाटे निघालो. पैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की नदी आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. पुढे पळस फुललेला. अक्का खिडकीशी बसून हसत होती. याआधी ती नागपूरला फक्त दसऱ्याला, दीक्षाभूमीवर गेलेली. यावेळी गर्दी नसेल, निवांत पाहता येईल म्हणाली.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं आणि सरळ तिलाच सांगितलं. "मावशी, हा काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाय, तो परत येणार नाही. उजवा आपण सांभाळू. जरा आधी यायला हवं होतं." अक्कानं सगळं ऐकून घेतलं. कुठल्याही साहेबापुढे, डॉक्टरपुढे ती आधी माझ्याकडे बघते. त्या दिवशी बघितलं नाही. गरज नव्हती.

गजानन रागावून म्हणाला, "दाखवलं होतं ना बाई, आदिलाबादले. त्यानं नीट हाय म्हनून सांगतलं."

बाईंनी विचारलं, थेंब कोणते दिले होते? "पांढऱ्या बुचाची शिशी होती," अक्का म्हणाली, आणि आता मात्र तिनं मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. नाव मला पाठ होतं. आजही पाठ आहे.

"थंडाव्याचे होते," मी म्हणालो.

त्यानंतर गजाननानं त्या आदिलाबादच्या डॉक्टरची गोष्ट गावात सांगितली, गावानं शेजारच्या गावात. आमच्याकडचे लोक तिकडे जाईनासे झाले. कुणी त्यांना नुसते पैसे काढणारा म्हणे, कुणी म्हणे शिकलेलाच नाही. मी ऐकत बसायचो. एकदा तर मीही म्हणालो, हो, जरा घाईचाच माणूस होता. पुढे ती खोली रिकामी झाली. आमच्यामुळे? मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

अक्का आता रोज थेंब टाकते, चुकवत नाही. उजवा डोळा टिकून आहे. जेवायला वाढताना ती मला आपल्या उजव्या हाताला बसवते, दिसावं म्हणून. आल्यागेल्याला सांगते, "मास्तर होता म्हनून. नाही त् दुसराबी गेला असता." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकते. मी ती खातो.

मास्तरनं अक्काचा एक डोळा वाचवला, असं गाव म्हणतं. दुसऱ्याचं मला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.