गणितात वाघोबा नसतो

मूलच्या शाळेत नववीला मी एक गणित घातलं होतं. बस ताशी चाळीस किलोमीटर या एकसमान वेगाने चंद्रपूरला निघाली. पंधरा मिनिटांनी तिच्यामागे मोटरसायकल निघाली, ताशी साठने. ती बसला कुठे गाठेल? सोपं आहे. पंधरा मिनिटांत बस दहा किलोमीटर पुढे जाते, मोटरसायकल तासाला वीसने ते अंतर तोडते. म्हणजे अर्धा तास, म्हणजे तीस किलोमीटर. जंगलातल्या एका गावच्या पोरीने उत्तर लिहिलं, 'वाघोबाच्या ठाण्याजवळ.'

मी तिला उभं केलं.

"मॅडम, तिथी बस थांबते ना. नारळ फुटते, मंग सगळे प्रसाद खाते."

वर्ग खिदळला. "गणितात वाघोबा नसतो!" मी कडाडले आणि तिच्या वहीत लाल शून्य काढलं, चांगलं टपोरं. खरं तर रस्त्यालगतच्या त्या वाघदेवाच्या ठाण्यावरचा प्रसाद मी स्वतः दहादा खाल्ला होता.

पुढच्याच शनिवारी दहावीच्या बोर्डाचे तपासलेले पेपर घेऊन मी चंद्रपूरला निघाले. दुपारपर्यंत जमा करायचे होते. स्टँडवर ही गर्दी! रीतीप्रमाणे खिडकीतून पिशवी आत टाकून मी जागा धरली आणि डबा घरी राहिला म्हणून नवऱ्याला फोन लावला. त्याला झापण्यात अशी रमले की बस निघून गेली. जागा धरलेली, पेपर जागेवर, आणि मी खाली! पोरांचं वर्ष आणि माझी नोकरी, दोन्ही त्या पिशवीत. कंट्रोलरने कंडक्टरला फोन लावला, तर जंगलात रेंज कुठली?

नवरा मोटरसायकल घेऊन आला तेव्हा बरोबर पंधरा मिनिटं झाली होती. मला तर हुरूपच आला.

"साठने चालवा. कमी नाही, जास्त नाही."

"अवं, जास्तच चालवतो ना."

"गणित बिघडेल!"

जंगलात तो ओरडला, "थे पाय, लाल गाडी उभी हाये!"

माझी नजर त्याच्या खांद्यावरून किलोमीटरच्या आकड्यावर. चौदाच झाले होते. "ती दुसरी असेल. आपली तिसाव्याला सापडते. चला!"

तिसाव्या किलोमीटरला रस्ता रिकामा. पुढे बस नाही, धूळसुद्धा नाही. मी मैलाच्या दगडावर बसून चक्क रडले. नवरा गाडी पुसत बसला, त्याचा जास्त राग आला.

वीस मिनिटांनी बस मागून आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवले. आत माझ्या जागेवर पिशवी, आणि तिला कवटाळून शेजारी तीच पोरगी, गावी निघालेली.

"कोनाले बसू नाई दिलं, मॅडम. पन तुमी आमच्या पुढं काऊन?"

तिने नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. वाघोबाचाच.

"वही काढ," मी म्हटलं. हलत्या बसमध्ये ते शून्य खोडलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले. आकडा वेडावाकडा आला, येऊ दे.

पोरगीने वही दप्तरात ठेवली. मग मागे पडलेल्या मैलाच्या दगडाकडे खिडकीतून बोट दाखवत हळूच म्हणाली, "मॅडम, पन तीस किलोमीटरवरच तं गाठ पडली. तुमचं बी बरोबरच हाये."

"नाही गं," मी म्हटलं, "मोटरसायकलने बसला गाठायचं होतं."