आधी कागद वाचा

गावात नवी सून आली की सासू म्हणायची, आधी धुरपदाबाईला बोलवा. पारोळ्याजवळच्या त्या गावातल्या अर्ध्या चुली तिच्या हातच्या. घरातला तवा मागवून ती वितीने मोजायची, मगच मातीत हात घालायची.

सत्याऐंशी साली धुळ्याच्या एका संस्थेने साठ घरांत बिनधुराच्या चुली बसवल्या. दोन दिवसांत काम उरकलं. धुरपदाबाईला कुणी काही विचारलं नाही. चुलीचं तोंड इतकं लहान, की कापसाच्या पऱ्हाट्या मोडून मोडून बायकांचे तळवे सोलले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर कडेला कच्चीच राहायची. दिवाळीपर्यंत निम्म्या चुलींत कोंबड्या बसू लागल्या.

मग एके दुपारी संस्थेचा कार्यकर्ता रतिलाल घाईघाईने आला. पुण्याहून मोठ्या बाई पाहणीला येणार होत्या.

"अक्का, बायका तुमचं ऐकतात. उद्याच्या दिवस चुली पेटवा. सगळ्या समाधानी आहेत असं मी अहवालात लिहिलंय."

"कोनले इचारीसन लिखं?"



दुसऱ्या दिवशी बाई धुरपदाबाईच्या घरात आल्या, तशी तिने पिठाची परात त्यांच्यापुढे सरकवली. "ताई, एक भाकर करी दखाडा."

"अक्का, पाहुण्या आहेत त्या!" रतिलाल ओरडला. चूल परत नेतील या धास्तीने शेजारच्या भागाबाईने धुरपदाबाईचा पदर ओढला, "राहू दे व माय, हाई चूलबी लई जातीन."

"लई जाऊ दे." तिने पदर सोडवून घेतला.

बाई खरंच नव्या चुलीपुढे बसल्या. धूर नळीतून वर गेला. ते धुरपदाबाईनेही कबूल केलं. पण भाकर मध्ये करपली, कडेला ओली राहिली. बोटात घुसलेली काडी काढत बाईंनी विचारलं, "मग चूल कशी हवी?"

"सांगसू. पन पहिले तो कागद वाचा. बठ्ठ्या बायकास्मोर."

पारावर सगळ्या बायकांसमोर रतिलालने तो अहवाल वाचला. 'समाधानी' शब्द आला तशी ती म्हणाली, "खोडा." त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. त्याने खोडलं.

त्या हिवाळ्यात धुरपदाबाई आणि रतिलाल दोघं मातीत राबली. चार चुली मोडल्या, पाचवी जमली: नळी संस्थेची, तोंड गावाचं. चाळीस घरांत ती बसली. वीस घरांनी नको म्हटलं, आणि तेही कागदावर तसंच लिहिलं गेलं. पुढे संस्थेने हातपंप आणले, बालवाडी काढली. पण पारावर वाचल्याशिवाय गावाबद्दलचा एकही कागद तिने धुळ्याला जाऊ दिला नाही.