भट्टीतलं कोहळं

कोहळं म्हटलं की पुण्याकडच्या माणसांच्या डोळ्यांसमोर पेठा करायचं पांढरं फळ येतं. आमच्या बुलडाण्यात कोहळं म्हणजे लाल भोपळा. त्याची भाजी होते, बोंडं होतात, सणाला खीरही होते. मी त्याचं आणखी एक करायची, आणि ते करणारी गावात मी एकटीच होते. त्याचा मला थोडा गर्व होता. थोडा कशाला, चांगलाच होता.

लग्नाआधी खामगावला एका बाईंकडे स्वयंपाकाचा वर्ग लावला होता, तिथे मी ‘बेक डिश’ शिकले. तिथे फ्लॉवर, गाजर, मटार आणि वरून किसलेलं चीज. संग्रामपूरकडच्या या गावात लग्न होऊन आले तर इथे ना ओव्हन, ना चीज, ना फ्लॉवर. पण कोहळं होतं, पालेभाजी होती, दूध होतं, आणि बसथांब्याजवळ एका मुसलमान कुटुंबाची बेकरी होती. दिवाळी आली, ईद आली की बाया आपापलं पीठ-तूप घेऊन तिथे नानकटाई भाजायला जायच्या. मी म्हटलं, नानकटाई भाजते तर भाजी काऊन नाही भाजणार?

बेकरीवाल्याची बायको, आम्ही सगळ्या तिला भाभी म्हणायचो, ती माझा ट्रे पाहून हसत सुटली. ‘‘हे काय आणलं बाई, कोहळ्याचा केक?’’ पण तिने पाव निघाल्यावर निवत चाललेल्या भट्टीत तो ट्रे सरकवला आणि फळी लावून दिली. चीज नव्हतं म्हणून वरून टोस्टचा चुरा आणि दाट साय घालायची, ही युक्ती तिचीच. मोडके टोस्ट ती माझ्यासाठी डब्यात जमवून ठेवायची.

पहिल्यांदा मी त्यात अंबाडी घातली आणि सगळं दूध फाटलं. आंबट भाजीला दूध चालत नाही हे खामगावच्या बाईंनी सांगितलं नव्हतं, त्यांच्या वर्गात अंबाडी आलीच नव्हती ना. मग मी चवळाई, म्हणजे तुमच्याकडचा तांदुळजा, घ्यायला लागले. कोहळ्याच्या फोडी अर्धवट वाफवायच्या, चवळाई लसणावर परतायची, थरावर थर लावायचा, मैदा तुपात भाजून दुधात शिजवलेलं दाट आळण वर ओतायचं, आणि मग तो चुरा आणि साय. भट्टीतून बाहेर आलं की वरून खरपूस आणि आतून लोण्यासारखं मऊ. सासूबाईंचे दात गेले होते, त्यांच्यासाठी तर ते जेवण म्हणजे सोहळाच. त्या त्याला भट्टीची भाजी म्हणायच्या. अर्धा ट्रे आमच्या घरी यायचा, अर्धा भाभीच्या पोरांसाठी तिथेच राहायचा. असा आमचा हिशेब होता आणि तो कधी कुणाला बोलून दाखवावा लागला नाही.

आता वावराचं सांगते. मी आले तेव्हा कपाशीत तूर असायची, मुगाच्या ओळी असायच्या, धुऱ्यावर म्हणजे बांधावर अंबाडी, कोहळ्याचे वेल, काकड्या. बीटी बियाणं आलं आणि हळूहळू नुसती कपाशी उरली. इकडून तिकडून एकच पीक. आपल्याच वावरातून घरी येताना हात रिकामे यायला लागले. भाजी विकत आणावी लागली तेव्हा मी घरात भांडण काढलं. नवरा वैतागला आणि म्हणाला, ‘‘विहिरीकडचे चार तास तुये. त्यात काय लावायचं ते लाव. मी तिकडे पाहणार बी नाही.’’ तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ. चार ओळी म्हणजे काही जहागिरी नव्हती. पण ते वावर सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं, पुढे पोरांचं होणार. माझं म्हणून कुणी बोट दाखवून दिलेली तेवढीच जमीन. मी त्यात कोहळं, चवळाई, पालक, मेथी लावली आणि तिकडे कुणाला पाय ठेवू दिला नाही.

बाया आपल्या नवऱ्याला ‘हे’ म्हणतात. मीही म्हणायची. ही गोष्ट सांगताना मात्र माझ्या तोंडी नवराच येतो, त्याला माझा इलाज नाही.

पुढे चोर बीटी आली. नावातच आलं सगळं. परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं; दुकानदार ते समोर मांडून ठेवायचा नाही, पण मागणाऱ्याला मिळायचं. त्याची करामत अशी की वरून तणनाशक मारलं तरी कपाशी उभी राहायची आणि बाकी हिरवं म्हणून जे असेल ते जळून जायचं. आमच्याकडे त्याला गवताचं औषध म्हणतात. निंदायला बाया मिळत नव्हत्या, हे खरंच होतं. मी नवऱ्याला एवढंच विचारलं, ‘‘माया चार तासाचं काय?’’

‘‘ते सोडून मारीन,’’ तो म्हणाला. ‘‘मी काय लहान लेकरू हाओ का?’’

त्या साली परतीचा पाऊस लांबला आणि रान पुन्हा गवताने भरलं. नेमकी तेव्हाच माझ्या बहिणीचं बाळंतपण निघालं, म्हणून मी माहेरी गेले. जाताना वावरात जाऊन आले होते. कोहळी चांगली धरली होती, चवळाईचा दुसरा फुटवा कोवळा लुसलुशीत होता. दिवाळीला भट्टीची भाजी करायची हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पोरांना दिवाळीच्या सुट्टीपुरतं आजोळीच ठेवून परत आले आणि दुसऱ्या दिवशी वावरात गेले तर माझ्या चार तासांत काडी हिरवी नव्हती. चवळाई नाही, पालक नाही. कोहळ्याचे वेल वाळून दोरीसारखे पडलेले आणि त्यांच्यात कोहळी तेवढी बसलेली, चांगली मोठी, रंगावर आलेली. कपाशी मात्र मजेत उभी होती.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘रोही शिरले होते. भाजी खाऊन गेले.’’

‘‘अन् वेल?’’

‘‘पिकला की वाळतेच ना वेल. तुले मालूम नाही का?’’

वाळतो, हे बरोबर होतं. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, त्रास आमच्याकडे कुणाला नवा नाही. तरी मी चेष्टेने म्हटलं, ‘‘रोही मोठे शहाणे निघाले, पाला खाल्ला अन् कोहळ्याले तोंडही नाही लावलं.’’ तो हसला. मीही हसले. नवऱ्याने सांगितलं आणि मी ते खरं मानलं, यात मी काही वेगळं केलं नाही. कुणीही हेच केलं असतं.

मी एक कोहळं उचलून घरी आणलं. ते ओट्यावर पाहून तो म्हणाला, ‘‘हे राहू दे. बाजारातून आण ना एखादं.’’ मी म्हटलं, ‘‘घरचं असून विकत?’’ तो जरा उभा राहिला आणि बाहेर निघून गेला. त्याला बोलायला ती जागा होती. तिथे तो एक वाक्य बोलला असता तरी मी मागचं सगळं विसरून गेले असते.

चवळाई नव्हती म्हणून बाजारातून पालक आणला. थर लावले, आळण ओतलं, ट्रे भट्टीत गेला. संध्याकाळी भाभीने पोरांचा अर्धा वाटा काढून घेतला आणि माझा अर्धा मी डोक्यावर घेऊन घरी आले. रस्ताभर त्याचा वास येत होता.

नवरा म्हणाला, ‘‘मले नको, पोट बरोबर नाही.’’ भाकर आणि पिठलं खाऊन तो बाजेवर जाऊन बसला. भट्टीची भाजी असली की हा माणूस ट्रेचे कोपरे खरवडायचा. मला वाटलं, असेल पोट बिघडलेलं. मी माझं ताट वाढून घेतलं आणि जेवायला लागले, कारण मला सपाटून भूक लागली होती. सासूबाई देवापुढे दिवा लावत होत्या. तो बाजेवरून माझ्याकडे पाहत होता. मी त्याला म्हटलंही, ‘‘पाहू नका असं, खायचं असंल तर खा थोडं.’’ तो म्हणाला, ‘‘नाही, तू खाय.’’

‘‘तू खाय’’ म्हणाला तो. हे त्याचे शब्द आहेत, मी त्यात कानामात्रा बदललेला नाही.

मग सासूबाई येऊन बसल्या. मी त्यांच्या ताटात मोठा चमचा भरून वाढलं. त्यांनी घास उचलला तसा नवरा बाजेवरून उठला.

‘‘माय, तू नको खाऊ ते.’’

‘‘काऊन? मऊ तर हाये.’’

‘‘ठेव म्हनतो ना. औषध गेलं हाये त्याच्यावर.’’

‘‘कोनतं औषध?’’

‘‘गवताचं.’’

सासूबाईंनी घास ताटात ठेवला. माझ्या ताटाकडे पाहिलं. ते निम्मं रिकामं होतं.

‘‘अन् हे खाऊन राह्यली ते?’’

‘‘थोडंसं खाल्ल्यानं काही होत नाही माय.’’

‘‘मंग मले काऊन नको म्हनतं बे?’’

आईच्या तोंडाकडे त्याला पाहवेना. सासूबाई आयुष्यात कधी माझ्या बाजूने बोलल्या नव्हत्या, आणि त्या दिवशीही त्या माझ्या बाजूने बोलल्या असं मी म्हणणार नाही. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं.

मी हात धुतला. अंगणात जाऊन घशात बोट घालून ओकायचा प्रयत्न केला, जेवढं निघालं तेवढं निघालं. तो मागे येऊन उभा राहिला आणि समजावू लागला. पंप पाठीवर होता, औषध उरलं होतं, तुझ्या चार तासांत गवत राहिलं असतं तर त्याचं बी साऱ्या वावरात पसरलं असतं. ‘‘अन् चवळाई म्हणजे तरी काय,’’ तो म्हणाला, ‘‘गवतच ते.’’

मला चार तासांचं दुःख झालं नाही असं नाही. झालं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं, भाभीची पोरं. मी तशीच बेकरीकडे पळाले. तोवर पोरांची ताटं घासून पालथी पडली होती. मी जे होतं ते सांगितलं, माझ्या नवऱ्याने काय केलं ते सांगितलं, आणि रडले. भाभीने तिघाही पोरांना जवळ ओढलं, एकेकाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

‘‘तुले मालूम नव्हतं ना?’’ तिने विचारलं.

‘‘पोराची शपथ, नव्हतं.’’

‘‘मग रडू नको,’’ ती म्हणाली. पण तिने मला बस म्हटलं नाही.

कुणाला काही झालं नाही. पोरं दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी खेळत होती. माझंही पोट दुखलं नाही. पण त्यानंतर मी बाजारचं कोहळं आणून ट्रे नेला तेव्हा भाभीने तो भाजला, आणि सगळाच्या सगळा माझ्यापुढे ठेवला. अर्धा काढून घेतला नाही. ‘‘पोरं आता नाही खात ते,’’ म्हणाली. रागाने नाही म्हणाली, उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, आणि म्हणूनच ते मला सहन झालं नाही. नवऱ्याने माझा तर केसाने गळा कापलाच, वर माझ्या हातची चवही नासवली. मी पुन्हा ट्रे नेला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नवऱ्याचं म्हणणं अजून तेच आहे. विषय निघाला की तो म्हणतो, ‘‘झालं काय तुले? सांग ना, काही झालं का?’’ पाहुण्यांसमोर म्हणतो, पोरांसमोर म्हणतो, आणि जिंकल्यासारखा हसतो. मी पुष्कळ वर्षं गप्प बसायची, कारण मला खरंच काही झालेलं नव्हतं.

मागे एकदा जेवताना त्याने पुन्हा विचारलं. मी त्याला वाढत होते. माझा हात थांबला आणि मी म्हटलं, ‘‘हो, झालं. मी जेवत होती अन् तुम्ही पाहत होते. माय बसली तवा उठले.’’

ताटात समोर होतं ते त्याने खाल्लं, पाणी प्यायला आणि उठून गेला. माझ्या हातचं तो आजही निःशंक जेवतो.