एक्स-रेवाल्या काकांचा एक्स-रे

दंतमहाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक्स-रेवाले काका सव्वीस वर्षं बसत होते. मुलं त्यांना वचकून असत, कारण काका कुणालाही एक्स-रे सुखासुखी देत नसत. "आधी चारही कोपरे बघ. मग हाड. दात सगळ्यात शेवटी, ते कुठे पळून जात नाहीत." घाईतल्या मुलांचा जीव मेटाकुटीला येई. पण काकांनी असे जबड्याच्या कॅन्सरचे तीन पेशंट वेळेत पकडून दिले होते, हे प्राध्यापकही मान्य करत. अर्थात काका समोर नसताना.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर आलं. एक्स-रे टाकला की किडलेल्या दाताभोवती लाल चौकट, काही नसेल तर वर हिरवी खूण. ते फक्त दात आणि त्यांच्याभोवतीचं हाड तपासतं, असं माहितीपुस्तकात स्वच्छ छापलं होतं. ते पुस्तक वाचलं एकट्या काकांनी. मुलांना सांगायला गेले, तर एक जण हसून म्हणाला, "काका, नोकरी जाईल म्हणून घाबरलात की काय?" काकांनी पुस्तक खणात टाकून दिलं.

पुढे मुलांना या विषयाची किती जाण आहे, याची पाहणी झाली. वीस प्रश्न: ऐकलंय का, वापरता का, विश्वास आहे का. सगळ्यांनी पटापट 'हो' लिहिलं. सॉफ्टवेअरला काय दिसत नाही, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात काकांचा खालचा ओठ बधिर झाला. चहा हनुवटीवर ओघळे आणि त्यांना कळतही नसे. बायको रुमालानं पुसायची. ओठ असा बधिर झाला तर जबड्याच्या हाडात गाठ असू शकते, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. चार दिवस कानाडोळा केला, मग शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला म्हणाले, "माझा पूर्ण जबड्याचा एक काढ गं."

तिनं काढला. हिरवी खूण उमटली.

"काका, सगळं क्लिअर! बघताय ना?"

काका खुर्चीतून उठलेच नाहीत. "तू बघितलंस ना? झालं तर मग." त्या दिवशी ते बायकोची थट्टा करत पोटभर जेवले.

चार महिन्यांनी गाल सुजला. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तोच एक्स-रे मागवला आणि जबड्याच्या खालच्या टोकाशी पेन टेकवलं. तिथलं हाड तेव्हाच पोखरलेलं दिसत होतं. "तेव्हा आला असतात तर..." म्हणून ते थांबले. आता ऑपरेशनही करण्यासारखं उरलं नव्हतं.

एक्स-रे काढणारी ती मुलगी घरी येऊन ढसाढसा रडली. "काका, चौकट नव्हती, म्हणून मी पुढे बघितलंच नाही."

ती गेल्यावर बायकोचा संताप उफाळला. "पोरीचे डोळे काय गहाण होते?"

"तिला काही बोलू नकोस."

"मग तुम्हाला बोलते! जगाचे एक्स-रे बघितलेत जन्मभर. स्वतःचा एक बघवला नाही?"

काकांचे शब्द आता नीट उमटत नव्हते. ते सावकाश म्हणाले, "कुठे बघायचं ते मला ठाऊक होतं गं. म्हणूनच नाही बघितला."