तांब्याची काडी

कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात तिला सगळे तराजूबाई म्हणत. बावीस वर्षं एकच काम. काचपेटीतल्या नाजूक तराजूला नमुना टांगायचा, त्याचं टोक मोठ्या विद्युतचुंबकाच्या मधल्या फटीत सोडायचं आणि बटण दाबल्यावर वजन किती हललं ते लिहायचं. लोखंडाला तिथे मज्जाव. ते जाऊन चिकटायचंच. यायचे ते मवाळ धातू. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाकडे जेमतेम ओढलं जातं, तांबं जरासं मागे सरतं. डोळ्यांना काही दिसत नाही, फक्त आकडा बदलतो: ओढलं की वाढतो, मागे सरलं की घटतो.

नवरा गेल्यानंतर सहाव्या दिवशी ती कामावर निघाली. जाऊ दारात आडवी आली. "अगं, डोळ्यांत टिपूस नाही आणि चाललीस कुठे? लोक काय म्हणतील?"

"घरी बसून काय करू?" तिने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. सकाळपासून चहा दोनदा झाला होता, चव एकदाही लागली नव्हती.

विभागातले तरुण सर त्या दिवशी हवेत होते. "बाई, माझी तांब्याची काडी चुंबकाकडे ओढली जातेय! उद्याच शोधनिबंध पाठवतो."

तिने काडी बोटांत फिरवली. "कशाने कापलीत?"

"वर्कशॉपमधल्या करवतीने. का?"

"पोलादाचा कीस लागला असेल. कणभरही पुरतो."

"मी चार वेळा मोजलंय, बाई!" सरांचा आवाज चढला.

एरवी ती गप्प बसली असती. आज भीड वाटायलाही आत काही जागं नव्हतं. तिने काडी सौम्य आम्लात बुडवली, धुतली, वाळवली, पुन्हा टांगली. बटण दाबलं. वजन दोन मिलिग्रॅमने उतरलं. तांबं मागे सरलं होतं.

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "वाचवलंत. चारचौघांत नाक कापलं गेलं असतं."

"हं," ती म्हणाली आणि आकडा वहीत लिहिला.

निबंध गेला नाही. नव्या विद्यार्थ्यांना नमुने धुवायला शिकवायचं काम सरांनी तिच्याकडेच दिलं. त्यातल्या एका मुलीने काही महिन्यांनी सहज विचारलं, "बाई, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आम्ही दोघं," ती म्हणाली. चिमटा हातातच राहिला.

"नाही," ती म्हणाली, "मी एकटी." आणि तोंड फिरवून नळ सोडला.